सिनिअर स्टायलिस्ट गेली आणि दोन गल्ल्या सोडून स्वतःचं सलॉन टाकलं, बॉन्डचं काय?

ताई, असे मेल मला सारखे येतात, कुठे हेअर असतं कुठे नेल आर्ट, बाकी स्टोरी तीच. तुम्ही तिसऱ्या ब्रँचच्या गडबडीत होतात, सिनिअर मुलीला स्वतःच्या खर्चाने कलरचा ॲडव्हान्स कोर्स करून दिला, तिने आठ महिन्यांपूर्वी सोडलं, आता तुमच्याच क्लायंटना तिचे मेसेज जातात. हातात बॉन्ड आहे की दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत काम करणार नाही, आणि तुम्ही विचारताय की तिचं दुकान बंद करायला स्टे मिळेल ना.

नाही मिळणार. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चं कलम 27 सांगतं की कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. अपवाद गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव-प्रतिष्ठा, विकल्याचा, तो तुम्हाला लागू नाही. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम करू नको म्हणता येतं, सोडल्यावर नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या केसमध्ये 2006 साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं, करार संपल्यानंतरचं बंधन टिकत नाही. तिथे समोर मोठी कंपनी होती, तुमचा बॉन्ड तर नेटवरून उतरवलेला दिसतोय, त्यात एका जागी 'सॉफ्टवेअर' असा शब्द तसाच राहिलाय!! बरं, समजा थोडीफार आशा होती तरी आठ महिने गप्प बसून मग तातडीचा स्टे मागणार, तर जज पहिलं हेच विचारणार की इतके दिवस काय करत होतात.

म्हणून ते पाच किलोमीटर विसरा आणि बॉन्डमधलं कलम सात वाचा. तुम्ही मेलमध्ये त्याचा साधा उल्लेखही केला नाहीये, मला अटॅचमेंटमध्ये सापडलं. कोर्सनंतर अठरा महिन्यांच्या आत सोडलं तर कोर्सचा खर्च परत द्यायचा. हे धंदा अडवणं नाही, पैशाचा हिशोब आहे, आणि इथे तुमचं म्हणणं टिकू शकतं. 2025 च्या मे महिन्यात विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट मान्य केली. अर्थात ती सरकारी बँक, तिच्या भरतीचा खर्च वेगळा, त्यामुळे सलॉनला जशीच्या तशी लागू होईल अशी खात्री मी देणार नाही. शिवाय कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 74 नुसार बॉन्डमधला आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्यातलं वाजवी तेवढंच देतं. म्हणजे कोर्सची पावती, फी कुठल्या खात्यातून गेली ते स्टेटमेंट, हे सगळं काढून ठेवा.

पण खरी गोची तारखेची आहे. पावती मार्चची आणि बॉन्डवर सही जूनची. कोर्स आधी, सही नंतर! तिचा वकील पहिल्यांदा यावरच बोट ठेवणार की जे आधीच देऊन झालंय त्याच्या बदल्यात नवं वचन कसलं घेता. याला उत्तर आहे. आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये, कलम 2(डी), तिच्या सांगण्यावरून तुम्ही आधी काही केलं असेल तर तेही मोबदला धरलं जातं. त्यामुळे सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर, कोर्सला पाठवा असं ती स्वतः म्हणाली होती का? व्हॉट्सॲपवर 'मॅडम मला हा कोर्स करायचाय, पाठवाल का' अशी एक ओळ सापडली तर केसमध्ये दम आहे, नाही सापडली तर सेटलमेंटच्या मूडमध्ये जा. आणि तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात चालत नाही, साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

क्लायंट नेल्याचं म्हणाल तर ते धूसर आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधून यादी कॉपी केली असेल तर काहीतरी हाती लागेल, पण बुकिंग तिच्याच पर्सनल नंबरवर घेत होतात ना तुम्ही? मग ते नंबर तिच्याकडे असणारच, चोरी कशी म्हणायची. आणि सलॉनचं इन्स्टाग्रामही अजून तिच्याच नंबरला जोडलेलं आहे, पासवर्ड बदलायला गेलात तर ओटीपी तिच्या फोनवर जाणार. कमाल आहे.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला ते. तिचा शेवटचा पगार आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं तुम्ही अडकवून ठेवलीयेत. वेज कोडच्या, म्हणजे पगाराच्या कायद्याच्या, कलम 17 प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार द्यायचा असतो, तुमचे आठ महिने झाले. उद्या तिने लेबर ऑफिसला अर्ज टाकला की तक्रारदार ती आणि उत्तरं देत बसणार तुम्ही. पगार बँकेतून टाका, सर्टिफिकेटं रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि मगच कलम सातची नोटीस काढू. दाव्याला सोडल्यापासून तीन वर्षं मिळतात, पण ती तीन वर्षं आहेत म्हणून पुन्हा आठ महिने झोपू नका, दाखल केल्यावर कोर्ट स्वतःच किती वर्षं घेईल ते मी सांगत नाही.

राहिलेल्या मुलींचे करार मला पाठवा. नव्या कोर्सला कुणाला पाठवत असाल तर सही आधी, फी नंतर.