डांबर नऊ हजारांचं, खड्डा पंचवीस हजारांचा

प्रश्न: मिनेसोटात ट्विन सिटीजच्या एका उपनगरात आमचं घर आहे. आमच्या रस्त्याचं काम झालं आणि आता सिटीने ९,४०० डॉलरच्या स्पेशल असेसमेंटची (कामाच्या खर्चापोटी घरमालकांवर बसवलेल्या आकारणीची) नोटीस धाडली आहे. दहा वर्षांच्या हप्त्यांनी भरायचं तर ५ टक्के व्याज. गेल्या वर्षीच्या सुनावणीत मी उभा राहून विरोध केला होता. या रस्त्याने आमच्या घराला कवडीचाही फायदा नाही. वकील आणि अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) मिळून ६,००० होतील. लढू की भरू? भरायचे झाले तर साडेआठ टक्क्यांनी होम इक्विटी लाइन (घर तारण ठेवून कर्ज) घेईन म्हणतो, कारण रस्त्यामुळे घराची किंमत वाढणारच आहे. बँकेत १४,००० आहेत. पगार १,२०,०००, पण इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीला (शेअर बाजाराच्या इंडेक्सशी जोडलेल्या आयुर्विम्याला) महिना ७०० जातात, त्यासाठी तीन वर्षांपूर्वी ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीबचत खातं) थांबवलं. (कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते.) पॉलिसी आज मोडली तर ११,००० मिळतील.

उत्तर: आधी रस्ता उरकू.

घराला फायदा नाही असं तुम्ही सिटीला सांगणार आणि किंमत वाढणार असं बँकेला. दोन्ही खरं कसं असेल? तुमच्या राज्यात नेमका हाच मुद्दा कोर्टात तपासतात: कामाआधी घराची किंमत किती आणि नंतर किती. आकारणी त्या फरकापेक्षा जास्त असता कामा नये. शेजारी २०१६ चा सेंट पॉलमधल्या चर्चचा निकाल दाखवतील, पण तो रस्त्यांच्या देखभालीसाठी दरवर्षी लावल्या जाणाऱ्या आकाराबद्दल होता. तुमचं प्रकरण वेगळं.

गेल्या वर्षी तुम्ही बोललात ती बहुधा काम करायचं की नाही याची सुनावणी होती. आकारणीची सुनावणी वेगळी असते, नोटिशीवर जी तारीख आहे ती. त्याआधी किंवा त्याच वेळी लेखी हरकत दिली नाही, तर अपिलाचा हक्क साधारणपणे जातो. तेव्हा एक पानी हरकत आजच द्या, तिला खर्च नाही. आकारणीसाठी घरासमोरची लांबी बरोबर धरली आहे का, तेही पाहा. मात्र एकट्याने कोर्टात जाऊ नका. आकारणी निम्म्यावर आली तरी वाचतील ४,७००, आणि त्यासाठी घालवाल ६,०००. गल्लीतले पंधरा-वीस जण खर्च वाटून घेणार असतील तर विचार करा. आकारणी मंजूर झाल्यापासून अपिलाला ३० दिवस मिळतात.

आणि होम इक्विटी लाइन कशाला? सिटी स्वतःच ५ टक्क्यांनी उधार देते आहे. पहिल्या वर्षी सुमारे १,४०० जातील, पुढे दरवर्षी कमी. आकारणी मंजूर झाल्यावर ३० दिवसांत सगळी रक्कम भरली तर व्याज नाही, पण बँकेतल्या १४ हजारांतून ९,४०० काढून घर उघड्यावर टाकू नका. ही रक्कम इन्कम टॅक्समध्ये प्रॉपर्टी टॅक्ससारखी वजावटीला चालत नाही, घराच्या खरेदी किमतीत मिळवतात. पावत्या जपून ठेवा.

आता तुम्ही न विचारलेलं. ४०१-के थांबवून पॉलिसी? कोणी सांगितलं हे? मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या एजंटाने, असा माझा अंदाज. बाजार पडला तरी परतावा शून्याखाली जाणार नाही, हे ऐकवलं असेल. वाढीवर कॅप (वरची मर्यादा) असते, इंडेक्समधल्या शेअर्सचा लाभांश सहसा मिळत नाही आणि परतावा शून्य आला त्या वर्षीही विम्याचा खर्च कापला जातोच, हे ऐकवलं नसेल. चकचकीत तक्त्यातला परतावा म्हणजे आश्वासन नव्हे.

हिशेब करा. ६ टक्के म्हणजे वर्षाला ७,२००, त्यावर कंपनीचे ३,६००. तीन वर्षांत १०,८०० तुम्ही नाकारलेत. पॉलिसीत भरले २५,२००, हाती येतील ११,०००, म्हणजे १४,२०० गेले. त्यातला विम्याचा भाग काय तो कामी आला. दोन्ही मिळून २५ हजार. आणि तुम्ही ९,४०० साठी वकील शोधताय.

पॉलिसी उद्याच मोडू नका. आधी साधा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा, नुसत्या संरक्षणाचा) मंजूर होऊ द्या. दरम्यान तब्येतीची भानगड निघाली तर विम्याशिवाय राहाल. तो हातात पडला की ही मोडा. "अजून दोन-तीन वर्षं थांबलं तर सरेंडर चार्ज कमी होईल" (म्हणजे पॉलिसी मोडण्याचा दंड) असं एजंट म्हणेलच. तोवर वर्षाला ८,४०० हप्ता आणि ३,६०० ची भर घालवायची, यात त्याचंच भलं.

सुटलेल्या ८,४०० मधून ७,२०० लगेच ४०१-केमध्ये जाऊ द्या. उरले १,२००, आणि कर हजारभर तरी वाचेल. त्यातून सिटीचा हप्ता निघतो आणि टर्मच्या प्रीमियमला सात-आठशे राहतात. मोडून आलेले ११ हजार बँकेतच ठेवा, पुन्हा कोणी "प्लॅन" घेऊन आलं तरी.

आणि हरकतीवर सही करा. बिनसहीची ग्राह्य धरत नाहीत.