घराच्या कोपऱ्यात ठेवायला रंग बदलणारा स्मार्ट दिवा घ्यायचाय, निवडताना काय बघू?

सगळ्यात आधी बघा, त्यात पांढऱ्या प्रकाशासाठी वेगळे एलईडी आहेत का. अनेक स्वस्त दिव्यांत फक्त लाल, हिरवा आणि निळा असतो. तिन्ही मिसळून पांढरा करतात आणि तो निळसर, फिका दिसतो. त्या उजेडात माणसांचे चेहरेही निस्तेज वाटतात. रंगांची हौस थोड्या दिवसांत ओसरते, मग रोज संध्याकाळी लागतो तो उबदार पिवळसर प्रकाशच. म्हणून खोक्यावर 'आरजीबीडब्ल्यू' (RGBW, म्हणजे तीन रंगांसोबत वेगळा पांढरा) किंवा 'आरजीबीसीसीटी' (RGBCCT, म्हणजे पांढऱ्याची छटाही उबदार-थंड करता येते) लिहिलेलं शोधा. केल्विन हे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश उबदार; २७०० केल्विनपर्यंत खाली येणारा असेल तर उत्तम.

दुसरं म्हणजे मंद प्रकाश. कोपऱ्यातला दिवा बहुतेक वेळ मंदच ठेवला जातो, तेव्हा तो लुकलुकतो का ते तपासा. लुकलुकत असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर पट्टे सरकताना दिसतात.

जोडणीचं म्हणाल तर एक-दोन दिव्यांना वायफाय पुरतं, पण असे बहुतेक दिवे राउटरच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात, ५ वर नाही. झिगबी ही स्मार्ट उपकरणांची वेगळी बिनतारी जोडणी, तिला सहसा वेगळा हब, म्हणजे दिवे इंटरनेटशी जोडणारी छोटी पेटी, लागतो. 'मॅटर'चं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालवणाऱ्या सामाईक मानकाचं, चिन्ह असेल तर पुढे एकाच कंपनीच्या ॲपवर अडकून राहावं लागत नाही.

आणि दिव्यावर साधं बटण हवंच! घरातल्या सगळ्यांनी, पाहुण्यांनीसुद्धा, दिवा लावायला फोन का शोधायचा?

ठेवताना तोंड भिंतीकडे करा. फिक्या, मॅट भिंतीवर रंग सुंदर पसरतो आणि डोळ्यांवर येत नाही.