कोडची ‘भांगलण’ करावी की ‘पाचट’ काढावे?

कोल्हापुरातील एका सॉफ्टवेअर अभियंत्यांनी विचारले आहे की, प्रकल्पातील कालबाह्य कोड आणि गरज न उरलेल्या डिपेन्डन्सी (प्रकल्पात वापरलेल्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे संच) काढून टाकण्याच्या कामाला त्यांचे सहकारी ‘भांगलण’ म्हणतात. मराठी दस्तऐवजात तो शब्द चालेल, की ‘निर्मूलन’ लिहावे?

‘निर्मूलन’ नको, तो शब्द रोगराई, अंधश्रद्धा अशा मुळातच नकोशा गोष्टींसाठी रुळला आहे. ‘भांगलण’ हा आपल्याकडचा अस्सल शब्द. इतरत्र खुरपणी किंवा निंदणी म्हणतात. परंतु भांगलून काढतात ते तण, आणि तण कोणी लावलेले नसते. कालबाह्य कोड मात्र कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला असतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि दुकानांच्या बिलिंगमधले व्हॅट मोजणारे फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, जुने झाले. वर्षानुवर्षे राबलेल्या त्या फंक्शनला तण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

उसाच्या रानातला ‘पाचट’, म्हणजे उसाची वाळलेली पाने, हा शब्द इथे अधिक नेमका आहे. बुडाकडची पाने आधी हिरवी असतात, उसाला पोसतात आणि मग वाळतात. वाळलेले पान हलक्या हिसक्याने सुटते. जे सुटत नाही ते अजून हिरवे असते, ते ओढायचे नसते. कोड काढतानाही हीच पारख लागते, कारण कुठेच वापरात नाही असे वाटणारे ते व्हॅटचे फंक्शन जुने बिल पुन्हा छापताना लागत असू शकते. शिवाय जाणता शेतकरी पाचट न जाळता सरीत पसरतो, तसा काढलेला कोडही गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात राहतो.

डिपेन्डन्सीसाठी ‘अवलंबित घटक’ लिहिले जाते, पण त्याने अर्थ उलटा होतो. नोकरदाराचे अवलंबित कुटुंबीय म्हणजे त्याच्या आधारावर असलेले. इथे तर प्रकल्पच त्या लायब्ररीवर विसंबलेला असतो. म्हणून ‘आधारघटक’ म्हणावे. ते काढण्यासाठी एनपीएम या जावास्क्रिप्टचे आधारघटक सांभाळणाऱ्या साधनात ‘प्रून’, म्हणजे छाटणी, अशी आज्ञा आहे. पण द्राक्षवेलीची छाटणी नवी फूट यावी म्हणून करतात, आणि इथे तशी अपेक्षा नसते. गो या प्रोग्रामिंग भाषेतली ‘मॉड टायडी’ ही आज्ञा न लागणारी मॉड्यूल, म्हणजे तिथले आधारघटक, यादीतून काढते, राहून गेलेली यादीत घालते. घरात आपण हेच करतो त्याला ‘आवराआवर’ म्हणतो.

तेव्हा दस्तऐवजात मी लिहीन: ‘कोडचे पाचट काढले; आधारघटकांची आवराआवर केली.’