शुगर निघाली? मग डोळ्यांचा पडदा दाखव

भावा, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं धरू नकोस. मी धरलं होतं. शुगरनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा ना दुखतं, ना अंधुक दिसतं. रंकाळ्याचा पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो आणि आत नुकसान चालूच असतं. तुझी टाइप २, ती किती दिवस अंगात लपून होती कुणास ठाऊक. म्हणून पहिली तपासणी आत्ताच, पुढं दरवर्षी. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, नेत्रविभाग आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, ४-६ तास उजेड सोसत नाही, तेव्हा गाडी चालवत जाऊ नकोस, वहिनींना सोबत ने. वेळेत सापडलं तर लेसर, इंजेक्शननं नजर राखता येते. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि बीपीचे कागद बरोबर ठेव.