स्नॅप नाकारलं? आधी नोटीस नीट वाचा

ताई, अमेरिकेत स्नॅपचा, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज नामंजूर झाला म्हणून नुसता नवा अर्ज टाकून गप्प बसू नका. ९० दिवसांच्या आत फेअर हिअरिंग, म्हणजे सुनावणी मागता येते. फोनवर मागितली तरी चालते, पण मी म्हणेन लेखी द्या आणि प्रत जवळ ठेवा. चालू मदत कापली जात असेल तर मात्र घाई हवी. नोटिशीतल्या मुदतीत, बहुधा १० दिवसांत, मागणी केली तर मंजुरीचा काळ संपेपर्यंत किंवा निकालापर्यंत जुनी रक्कम सुरू राहते. हरलात तर त्यातली जास्तीची मिळालेली रक्कम परत द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

खरी मेख केस फाइलमध्ये असते. सुनावणीआधी ती बघायचा तुम्हाला हक्क आहे, तो सोडू नका. पुष्कळदा पगाराची स्लिप किंवा भाड्याचा करार फाइलला लागलेलाच नसतो! नोटिशीत जे कारण दिलंय त्यालाच कागदानिशी उत्तर द्या. घरची रडकथा अधिकारी ऐकून घेतील, निकाल नियमावरच लागतो. दुभाषी फुकट मिळतो. ‘मराठी’ असं आधीच कळवा, नाहीतर हिंदीवाला समोर यायचा. सोबत मैत्रीण किंवा लीगल एडचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा, वकील नेता येतो.