सांडशी काढली, मुलगा हसला

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय 54. दुपारी भांडीकुंडी आवरली की जुन्या डायरीत घरातल्याच वस्तू काढत बसते, सांडशी, चहाची गाळणी, तांब्या असलं. आधी बॉलपेननं काढायचे, आता मुलाचं शाळेतलं शाईपेन सापडलंय ते वापरते. तांब्याचं तोंड काही केल्या जमत नाही, आणि परवा वरनं वॉटरकलर मारला तर सगळी शाईच पसरली. मुलगा म्हणतो, आई फोटो काढ की, सेकंदात होतंय. आधी पेन्सिलनं काढून घेऊ का? कुठलं पेन आणू?

उत्तर: ताई, पेन्सिल नको. पेन्सिल हातात असली की आपण वस्तूकडं न बघताच काढत सुटतो, चुकलं तर खोडू म्हणून. पेन टेकवायच्या आधी मात्र नीट बघावंच लागतंय, आणि मग वीस वर्षं हातात असलेल्या सांडशीचा एक पाय जरा वाकडाय, मधला खिळा ढिला झालाय हे पहिल्यांदा दिसतं. रेघ चुकली तर राहू दे, शेजारी बरोबर काढा, दोन्ही रेघा असलेली सांडशी उलट जास्त जिवंत वाटते (मला तरी).

आता तांब्या. बहुतेकजण तोंड गोल काढतात आणि बूड सरळ रेघेनं, कारण तांब्या सपाट ओट्यावर बसलाय हे डोक्यात असतं. पण आपण वरनं बघतो ना, मग तोंड डोळ्याच्या जवळच्या उंचीला म्हणून चपटं दिसतं आणि बूड जास्त खाली म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोलाईची. आणि तोंडाची दोन टोकं पानासारखी टोकदार करू नका, तिथंही वळणच असतं. तांब्या उचलून डोळ्यासमोर धरा, तोंडाची नुसती रेघ होईल, मग हळूहळू खाली न्या, कसं उघडत जातंय ते बघा. स्टीलची चमक शाईनं काढता येत नाही हो, ती म्हणजे कोरा कागद, ती जागा आधीच सोडायची आणि बाजूला आडव्यातिडव्या रेघा दाट करत न्यायच्या.

शाई पसरली कारण शाईपेनातली साधी शाई पाण्यात विरघळते. वॉटरकलर करायचा असेल तर वॉटरप्रूफ शाईचे ड्रॉइंग पेन मिळतात, 0.3 आणि 0.5 मिमी जाडीचे दोन बास. कागद 150 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर असतंय) वरचा घ्या, डायरीचा पाण्यानं चुरगळतो. पण वॉटरप्रूफ पाहिजे म्हणून बाटलीतली इंडिया इंक (चित्रकलेची पक्की काळी शाई) शाईपेनात भरू नका, मी भरली होती, वडिलांचं पेन होतं, आत वाळून असं बसलं की गरम पाण्यात दोन दिवस ठेवून पण उघडलं नाही. आणि पसरणारी शाई अगदीच टाकाऊ नाही, ओला ब्रश रेघेवरनं एकदाच ओढा, फुकटात राखाडी सावली मिळते.

विषयासाठी लांब जायला नको. आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहमानांनी सुद्धा रंकाळा, कोटितीर्थ अशी गावातलीच तळी रंगवली. तुमच्या दारात कोल्हापुरी चप्पल असेलच, ती काढायला घ्या, एक दुपार कमी पडेल. अंगठ्याचा खड्डा, घामानं काळं पडलेलं चामडं, तळाच्या कडेनं खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं घातलेले टाके, ते मोजत मोजत काढायचे. वेणी मात्र सगळी काढू नका, दोन-चार पेड नीट दाखवा, बाकी नुसत्या ठिपक्यांवर सोडा, डोळा आपोआप पुरी करतोय.

मुलाचं म्हणाल तर भांडू नका. त्याचीच चप्पल घ्या, आणि एका पायाची टाच जास्त झिजली असेल तर तशीच काढा, त्याला बघताक्षणी कळेल कुणाची आहे.