आज्जीचं दुःख गोळीनं पुसलं असतं तर?

प्रश्न: मी औसा तालुक्यातली, लातूरला बीए करते. सरांनी हक्स्लीचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' वाचायला लावलं. त्यात सोमाची गोळी घेतली की दुःख खलास, सगळे खुश, सगळं स्थिर. वर्गात सगळे म्हणतात असलं जग वाईट. पण माझी आज्जी किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली आहे, त्यात तिची लेक, म्हणजे माझी आत्या गेली. अजूनपण अनंत चतुर्दशीच्या रात्री आज्जी झोपत नाही, अंगणात बसून राहते. तिला अशी गोळी मिळाली तर काय बिघडलं?

उत्तर: पोरी, तुला असं वाटतंय कारण आज्जीचे हाल तुला बघवत नाहीत, त्यात चूक काहीच नाही. आणि तिचा जीव घाबरत असेल तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे, ते औषध वेगळं. सोमा वेगळा.

१९३२ च्या त्या पुस्तकातला दवाखाना आठव. लिंडा मरते, तिचा लेक जॉन पलंगाशी गुडघ्यावर बसून हमसून हमसून रडतो, आणि नर्सला काळजी कशाची तर मरणाची सवय लागावी म्हणून तिथं मुद्दाम आणलेल्या पोरांची, ह्याचं रडणं बघून त्यांची शिकवण बिघडेल म्हणून ती पटकन त्यांना चॉकलेटचा खाऊ वाटते. त्या सगळ्या जगात लिंडासाठी रडणारा तो एकटा. आता तू बघ, आत्याला तू कधी बघितलं पण नाहीस, तरी ती होती हे तुला माहितीय, ते आज्जी जागी राहते म्हणूनच ना.

लोइस लोरीचं 'द गिव्हर' पण वाच, ते भूकंपाच्याच सालचं, १९९३ चं. तिथं जुन्या सगळ्या आठवणी एकाच म्हाताऱ्याकडं ठेवलेल्या, बाकी गाव निवांत. लोकांना जास्त मुलं पाहिजे असतात तेव्हा तोच नको म्हणतो, कारण भूक काय असते ते फक्त त्याला आठवतं. आणि त्या म्हाताऱ्याकडून आठवणी घेणारा पोरगा जोनास, त्याचे वडील, इतका मायाळू माणूस, जुळ्यांतल्या वजनानं कमी बाळाला सुई टोचून मारतात आणि लाडानं टाटा करतात. मरण म्हणजे काय हे त्यांना समजतच नाही. इथं मी पुस्तक खाली ठेवलं होतं, दोन दिवस हातात घेतलं नाही.

आता किल्लारीचं बघ. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, गणपती बोळवून झोपलेली माणसं गेली ती घराखालीच, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. माझी आई उमरग्याकडची, आमचं बांधकाम निघालं तेव्हा ती गवंड्याशी भांडली होती, दगडाची भिंत नको म्हणून. तिची ती भीती गोळीनं घालवली असती तर गवंड्याला कोण अडवणार होतं?

त्या पुस्तकात म्हाताऱ्यानं एखादी आठवण जोनासला दिली की त्याच्याकडून ती जाते. आपल्याकडं तसं होत नाही, पण औंदा त्या रात्री चहा करून आज्जीजवळ बस, आत्याला काय आवडायचं ते विचार. तिचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस, पुढच्या वेळी लिही.